उणे एकशे शहाण्णव

घोटीहून निघताना टाकी मागे बांधते,
पोत्यात गुंडाळून, दोन रबरी पट्ट्यांनी.
आत नत्रवायू द्रव होऊन बसलाय
आणि त्यात बुडालेले बैल,
रेफिलएवढ्या नळ्यांमध्ये, एकेकावर नंबर.
झाकण उघडलं की धूर येतो,
पोरं म्हणतात, ताई, आइस्क्रीम द्या ना.

धावजी गभाल्यांची मणेरी कालपासून हंबरतेय.
थर्मासमध्ये कोमट पाणी, सदतीस अंश,
नळी सोडते, तीस सेकंद मोजते.
धावजी विचारतात, बैलाचं नाव काय?
मी नंबर वाचते.
"नंबर मोटरसायकलला असतो. जित्ता हाय ना?"
नाही बाबा. डांगीच होता, पण तीन वर्षं झाली जाऊन.
ते टोपी काढतात.
मग गाईच्या वशिंडावर हात ठेवून तिलाच सांगतात,
"ऐकलंस का? बेतानं घे."

पदविकेच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
पशू माणसाळले, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी.
आम्ही वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या,
म्हणजे झालं. संपलं.
धावजींना हे सांगितलं तर हसले,
"कुणी कुणाला धरलं, सरांना काय म्हाईत?
माणूस मुतायचा तिथली माती खारी व्हायची,
गाय चाटायला आली.
दुसऱ्या दिशी परत आली.
मग माणसालाच जागा सोडून जाता येईना."
बोलता बोलता मिठाचा खडा तळहातावर धरला त्यांनी.
चार महिने झोडपलं तरी जी कातडी आत ओल घेत नाही
तिचा तेलकट वास माझ्या हाताला, दुपारपर्यंत.

मुंढेगावाला फैयाज मणियारांची शेड,
पाच हजार पिल्लं, वय अकरा दिवस.
इथे वय दिवसांतच सांगतात,
बेचाळीसच्या पुढचं कुणी मोजत नाही.
खाद्य एक किलो सहाशे, वजन एक किलो,
फैयाजभाई पाढ्यासारखं म्हणतात, दिडकी म्हणावी तसं.
त्यांच्या अम्मींनी मागे एक लंगडं पिल्लू
ओढणीखाली घालून घरी नेलं होतं.
आता ते चार किलोचं झालंय,
धापा टाकत अंगणात फिरतं,
हिशोबात नाही.

संध्याकाळी मुकण्याच्या धरणावर
चिंधू मेंगाळ पिंजऱ्याच्या काठावर डबा वाजवतो
आणि पाणी उकळायला लागतं.
तिलापिया.
पहिल्या वर्षी नुसती सावली पडली तरी तळ गाठायचे,
आता याचं पाऊल ओळखतात.
मी डबा घेतला, वाजवला, अगदी तसाच.
एकही आला नाही.
"तिसरा पिंजरा लई माणसाळला," चिंधू म्हणाला,
"चौथा अजून लाजतोय."
वहीतल्या त्या दोन रेघा
मी अंधार पडेपर्यंत पाण्यात शोधत बसले.

दोनशे ब्याऐंशी दिवसांनी फोन आला. पाडी.
बिल्ला घेऊन गेले, पिवळा, बारा आकडी.
धावजी म्हणाले, "डाव्या कानात मार,
उजवा मोकळा ठेव."
चिमटा दाबला. पाडी एकदाच ओरडली.
मणेरीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं,
ते पाहणं कुठल्या रकान्यात लिहितात
मला शिकवलेलं नाही.

मग सगुणाबाई हळदीची वाटी घेऊन आल्या.
"नाव ठेवायचंय. आत्या लागते."
आणि सगळी माझ्याकडं बघायला लागली,
गोठ्यातली माणसं, आणि दारातली कोंबडीसुद्धा.
बाहेर गाडीवर टाकी, झाकण घट्ट.
मी हातमोजे काढले,
ऊन ऊन उजव्या कानाशी वाकले,
कुर्रर्र.

नाव सांगितलं.
बिल्ल्यावर ते नाही.